अकरा वाजता ट्यूब का लागते?

"अक्का, नमस्कार. आमचं घर बेळगावच्या वडगावात. सासऱ्यांच्या मागं तिघा भावांत वाटणी झाली आणि आमच्या वाट्याला ११ फूट रुंद आणि ४८ फूट लांब अशी पट्टी आली. पूर्वेला रस्ता. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं न्हाणी-संडास आणि एवढंसं परडं. वर कौलं, माजघरावर लाकडी माळा. आम्ही पाच माणसं, सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा नववीत, मुलगी पाचवीत. मी घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. ह्यांना उद्यमबागेतल्या कारखान्यात, मशीन शॉपमध्ये नोकरी. एका इंटेरिअरवाल्याला बोलावलं तर त्यानं ७ लाख ८० हजारचं कोटेशन दिलंय, फॉल्स सीलिंग, एल शेपचा सोफा, टीव्ही पॅनेल, मॉड्युलर किचन, नवीन टाईल्स, ओल आलेल्या भिंतीवर वॉलपेपर. आमच्याकडं जमवून जमवून ४ लाख आहेत, बाकीचं कर्ज काढू म्हणतात हे. सासूबाई तर भिंतीतल्या देवळ्या बुजवायच्या म्हटल्यावर रडायलाच लागल्या, दोन दिवस धड बोलल्या नाहीत. घर लहान आहे हो अक्का, काय करू? फोटो पाठवलेत. नाव तेवढं छापू नका."

अगं, तुझे सहाच्या सहा फोटो मी मोठे करून बघितले. माजघराच्या फोटोत भिंतीवर घड्याळ आहे, त्यात अकरा वाजून वीस मिनिटं झालीत, आणि ट्यूब चालू आहे. मला आधी वाटलं रात्रीचा फोटो असणार, पण मागं स्वयंपाकघराच्या दारातनं परड्यातला उजेड दिसतोय, म्हणजे दिवसाच. सकाळी सव्वाअकराला ज्या घरात ट्यूब लावावी लागते त्या घराचं दुखणं जागेचं नसतंय बघ, उजेडाचं असतंय. ११ गुणिले ४८ म्हणजे ५२८ चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याला थोडं कमी. पाच माणसांना ऐसपैस नाही हे कबूल, पण लहान लहान म्हणून रडावं असलं पण नाही. फक्त त्यातली मधली चौदा फूट कुणी वापरतच नाही, कारण तिथं दिसत नाही. मग तिथं काय होतं, जे कुठं बसत नाही ते सगळं जाऊन पडतं. फोटोत मी मोजलं, तीन ट्रंका, दोन कूलर, एक बंद पडलेलं मिक्सर, लग्नातली खुर्ची, पोत्यात कायतरी. आणि तुम्ही पाच जण सोप्यात आणि स्वयंपाकघरात दाटीनं राहताय. घर लहान नाही गं, त्यातलं एक तृतीयांश बंद पडलंय.

वडगावात, शहापुरात अशी घरं मी किती बघितली त्याचा हिशेब नाही. पूर्वी माजघरात कापड विणायचा माग असायचा, तुमच्यात पण होता म्हणतेस. मागाला जागा लागायची म्हणून ती खोली मोठी, आणि घर तिन्ही भावांचं एकच होतं तेव्हा मध्ये चौक तरी असेल नाहीतर बाजूला खिडकी तरी. वाटणी झाली की प्रत्येकजण आपापली उभी पट्टी घेतो आणि मध्ये भिंत घालतो. जमीन बरोबर तिघांत वाटली जाते, इंच सुद्धा चुकत नाही, पण उजेड कुणी वाटून घेत नाही, तो कुणाच्याच वाट्याला येत नाही.

आता त्या कोटेशनकडं येते. थ्रीडी चित्र जे तुला पाठवलंय ना त्यानं, ते बघून मला हसूच आलं. छान सोनेरी ऊन आलंय माजघरात, डाव्या हाताला मोठी खिडकी, खिडकीबाहेर हिरवंगार झाड. अगं ती डावी भिंत म्हणजे तुझ्या दिराचं स्वयंपाकघर नव्हं? त्या खिडकीतनं झाड नाही, जाऊबाई दिसतील पोळ्या लाटताना. त्या पोराला मी वाईट म्हणत नाही, तो कॉम्प्युटरवर बसून काम करतो, त्याच्याकडं तयार खोल्या असतात, त्यात सोफा टाकायचा, लाईट टाकायचा, चित्र तयार. पण चित्रातला उजेड हा कॉम्प्युटरनं दिलाय, तुझ्या घरात तो येणार कुठनं हे त्यानं विचारलंच नाही. ७ लाख ८० हजारात उजेडाचा एक रुपया नाही, फॉल्स सीलिंगमधल्या पट्टी लाईटचे आहेत, म्हणजे दिवसा लावायला अजून दिवे!

फॉल्स सीलिंग तर करूच नकोस. माळ्याखाली तुझी उंची आठ फूट आहे असं लिहिलंयस. राहायच्या खोलीला कमीत कमी पावणेतीन मीटर उंची असावी असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो, म्हणजे नऊ फूट. तू आधीच एक फूट खाली आहेस, त्यात अजून पाच-सहा इंच जिप्समनं खाल्ले की पंखा लावायचा कुठं? तुझ्या ह्यांनी हात वर करून शर्ट काढला तर बोटं लागतील. आणि सोप्यात, स्वयंपाकघरात वर कौलं आहेत. कौलाखाली जिप्सम म्हणजे उंदरांना बंगला. जुलैत एक कौल सरकलं तर पाणी कुठनं येतंय ते कळणार नाही, सीलिंगवर नुसता पिवळा डाग पसरत जाईल आणि एक दिवस तुकडा खाली येईल. उघड्या कौलाचा मोठा फायदा हाच, गळलं की दिसतं, काठीनं ढकललं की बसतं.

मग उजेड आणायचा कुठनं? दोन्ही बाजूच्या भिंती भावांच्या. पुढनं आणि मागनं येतो तो बारा-पंधरा फुटांत दमतो. राहिलं वर. तुझ्या घराचं आढं, म्हणजे छपराचा सगळ्यात उंच कणा, बरोबर माजघरावर आहे, फोटोत दिसतंय, एक उतार पूर्वेला रस्त्याकडं आणि एक पश्चिमेला परड्याकडं. आढ्याखाली माळा. हा माळा सगळं अडवून बसलाय. त्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाच्या फळ्या काढून टाक. सगळा नको, अर्धाच. आणि त्याच्या बरोबर वर, पूर्वेच्या उतारावर, आठ काचेची कौलं बसव. आपल्याकडच्या मंगलोरी कौलाची उघडी जागा पाऊण चौरस फुटाच्या आसपास असते, म्हणजे आठ कौलं मिळून सहा चौरस फूट झाले, दोन बाय तीनची एक खिडकीच झाली की, ती पण आभाळाकडं तोंड करून. भिंतीतल्या तेवढ्याच खिडकीपेक्षा आभाळाकडच्या खिडकीचा उजेड कितीतरी जास्त असतो, आणि वरनं पडतो म्हणून खोलीभर पडतो. हे काय मी शोधून काढलेलं नाही, तुझ्या आजेसासूच्या चुलीवर एक तरी काचेचं कौल असणारच, विचार सासूबाईंना.

पूर्वेच्याच उताराला का म्हणते ते सांगते. आपला पाऊस पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं झोडपतो, सगळा मार परड्याकडच्या उतारावर. काचेचं कौल मातीच्या कौलाएवढं घट्ट बसत नाही कधीकधी, म्हणून ते पावसाच्या पाठीमागच्या बाजूला बरं. शिवाय सकाळचं ऊन, तापत नाही तेवढं. मे महिन्यात मात्र त्रास होतो हे आधीच सांगून ठेवते, बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. ऑगस्टात ढग असतात, चालतंय. मेमध्ये त्या कौलांच्या खालनं बांबूची एक चटई दोरीनं बांधायची, जूनला सोडायची. एवढंच. अडीच हजार फुटांवरच्या गावात राहतो आपण, एसी कशाला, वरची गरम हवा बाहेर जायला आढ्याजवळ दोन जाळीची कौलं टाकली की झालं.

आणि राहिलेला अर्धा माळा पोराला दे. नववीत आहे, त्याला एक कोपरा पाहिजेच असणार, तू लिहिलं नाहीस पण असणार. आढ्याखाली उभं राहता येतं का बघ, सहा फूट तरी पाहिजे. टेबल नको, बुटकं डेस्क आणि गादी. शिडी मात्र ठेवू नको, जिना कर, उभट असला तरी चालेल पण दोन्ही बाजूला धरायला कठडा पाहिजे, आणि जिथनं फळ्या काढल्या तिथं छातीएवढं रेलिंग, बारीक गजांचं, धाकटी पण चढणारच आहे. उन्हाळ्यात तो खाली झोपेल, कौलाखाली एप्रिलमध्ये झोपवत नाही. त्याआधी एक जाणता सुतार बोलावून तुळया आणि वासे ठोकून बघ. ठोकल्यावर बद्द आवाज आला की आत वाळवी. एक-दोन वासे बदलायला लागतील असं धरूनच चाल. तुळई बदलायची वेळ आली किंवा भिंतीला भोक पाडायचं झालं तर सुतारावर नको, इंजिनिअरला दाखव, कारण त्या भिंतींवर दिराच्या छपराचं पण वजन असणार.

ओलीचं बोलूया. सोप्याच्या उजव्या भिंतीला खालनं तीन फुटापर्यंत पापुद्रे सुटलेत, पांढरी भुकटी आलीय. ह्याला लोणा म्हणतात. जुन्या चिऱ्या-मातीच्या भिंतीला खाली डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, नसतो, जमिनीतलं पाणी भिंत वर ओढते, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. पूर्वी वर चुन्याचा गिलावा असायचा, त्यातनं ओल बाहेर पडायची, कुणाला कळायचं पण नाही. मग कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला, त्यावर ऑईलपेंट मारला, ओलीला बाहेर पडायचं दारच बंद झालं, मग ती फोडून बाहेर येते. आता त्यावर वॉलपेपर म्हणजे काय, गळू झाल्यावर वरनं पावडर लावल्यासारखं. एका पावसात कागद सुटेल आणि मागं काळी बुरशी, सासूबाई तिथंच झोपतात म्हणतेस, त्यांच्या नाकातोंडात जाणार ती.

तर आधी शोध की त्या भिंतीपलीकडं काय आहे. नुसती जमिनीची ओल आहे की पलीकडं मोठ्या जाऊबाईंची मोरी आहे? मोरीचा पाईप गळत असला तर तू इकडनं सोन्याचा मुलामा दिलास तरी उपयोग नाही. हे बोलणं अवघड असतं, वाटणी झालेल्या घरांत भिंतीवरनं बोलणं सगळ्यात अवघड, तरी बोल. भांडणाच्या सुरात नको, "आमच्याकडं ओल आलीय, तुमच्याकडं पण आलीय काय बघा की" असं. त्यांच्याकडं पण आलेली असतेच. मग सिमेंटचा गिलावा चार फुटापर्यंत काढून टाक, भिंत उघडी ठेवून वाळू दे, दिवाळी ते शिमगा, आणि मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधावा लागेल, तरणी पोरं करत नाहीत. चारपाच महिने उघडी भिंत बघून येणारेजाणारे विचारतील, विचारूंदे.

लाकडाच्या बाबतीत माझी फजिती सांगते म्हणजे तू करणार नाहीस. मी स्वतः ह्या कामात एवढी वर्षं, आणि माझ्याच फ्लॅटमध्ये घाईघाईनं तयार वॉर्डरोब आणला, चकचकीत, एका शोरूममधनं, पार्टिकल बोर्डचा, म्हणजे दाबलेल्या भुशाचा. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवला. पहिल्या जुलैत खालच्या कडा पावासारख्या फुगल्या, ऑगस्टमध्ये बिजागरीचे स्क्रू आपोआप बाहेर, एक दार हातातच आलं. ते परवडलं. आत आईची इरकल होती, पदरावर बुरशीचे ठिपके, धुऊन पण गेले नाहीत. शोरूमवाला म्हणाला, मॅडम भिंतीला ओल होती ती आमची चूक नाही. आणि त्याचं बरोबर होतं, हेच जास्त लागलं मला.

म्हणून कपाट करणार असशील तर प्लायवूडचं कर, स्वयंपाकघरात आणि न्हाणीजवळ आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३ चालतो. शिक्का शीटवरच असतो, सुतारानं कापायच्या आधी फोटो काढून ठेव, नंतर सनमाईका लागली की आत काय आहे देव जाणे. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढं आणि जमिनीपासून चार इंच वर. आणि खरं सांगू, तुझ्याकडची दोन लोखंडी कपाटं घासून पावडर कोटिंग करून आण, त्यांच्यासारखं ह्या हवेत काही नाही. तुझा मशीन शॉपवाला नवरा आहे, त्याला कोटिंगवाला कोण हे सांगायला लागणार नाही.

देवळ्या आणि फडताळ. इथं मी सासूबाईंच्या बाजूनं आहे आणि ते त्या रडल्या म्हणून नाही. तुमच्या भिंती दीड फूट जाड आहेत. देवळी म्हणजे त्या जाडीत कोरलेलं नऊ इंच खोल कपाट, जे खोलीतली एक इंच जागा खात नाही. अकरा फुटी खोलीत तू दोन फूट खोल वॉर्डरोब भिंतभर उभा केलास तर खोली नऊ फुटाची झाली, आणि देवळ्या बुजवून ते करायचं म्हणजे फुकटची जागा बुजवून विकतची जागा घ्यायची. एवढा उलटा व्यवहार कुठं असतो का? सोप्यातल्या देवळीत मोबाईल चार्जिंगचा पॉईंट घे, माजघरातल्या दोनात तुझ्या दोऱ्यांच्या रिळा. फडताळाची दारं नवीन कर पाहिजे तर, पण चौकट सागवानी आहे फोटोत दिसतंय, ती घासून तेल लाव, रंगवू नको.

आणि एक, थोडं कडू लागेल. तू इंटेरिअरवाल्याला आधी विचारलंस आणि सासूबाईंना नंतर सांगितलंस. त्या घरात त्यांनी माग चालताना संसार केलाय, कांड्या भरल्यात, त्यांना कुठल्या भिंतीला कधी पाणी येतं ते तुझ्या माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. माळ्यावरचं काढताना त्यांना खाली खुर्चीवर बसव, पोराला वर चढव आणि एकेक वस्तू खाली घे. हा हंडा माहेरचा, हा भिशीतनं घेतलेला, हा कुणाचा तो आठवत पण नाही, असं आपोआप होतं. माहेरचा राहतो. आठवत नाही तो मोडीत जातो, आणि त्या स्वतःच म्हणतात घालव म्हणून. मागाच्या फण्या, धोटे निघतील, ते त्यांना ठरवूंदे. धोटा भिंतीला लावून व्हिंटेज म्हणायची एक फॅशन निघालीय, हाटेलात बघितलं मी, पण ज्यानं तो दिवसभर फेकलाय त्याला तो भिंतीवर बघवतोच असं नाही.

आता तुझं मशीन. हे तुझ्या पत्रात एका ओळीत आलं, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्या घरात बसून पैसे कमावणारं एकच टेबल आहे आणि ते सोप्याच्या कोपऱ्यात दाराच्या मागं आहे. एल शेपचा सोफा आला की ते कुठं जाणार हे कोटेशनमध्ये नाही. सोपा ११ बाय १२, त्यात आठ बाय सहाचा सोफा, समोर टीव्ही, मग सासूबाई झोपणार कुठं, सोफ्यावर? पाठ मोडेल. त्याच्याऐवजी तीन बाय सव्वासहाचा एक दिवाण, खाली दोन मोठे ड्रॉवर, दिवसा बसायला रात्री सासूबाईंना झोपायला, आणि दोन वेताच्या खुर्च्या ज्या उचलून बाहेर कट्ट्यावर पण नेता येतात. मंगाईच्या यात्रेला पंधरा माणसं येतात म्हणशील, येतात की, चटईवर बसतात आणि जेवून जातात. दोन दिवसाच्या पाहुण्यांसाठी वर्षभर सोफ्याला वळसा घालून चालायचं काय.

मशीन पूर्वेच्या खिडकीशी आण, उजेड डाव्या हातानं येईल असं, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही. डावरी असशील तर उलट. वर एक दिवा पाहिजेच, पण तो स्वस्तातला निळसर पांढरा नको, त्याखाली दोऱ्याचा रंग जुळलाय असं वाटतं आणि गिऱ्हाईक बाहेर उन्हात नेऊन बघतं तर वेगळाच, हे तुझं झालं असणार एक-दोनदा. ४००० केल्विन घे, हा आकडा कमी तेवढा उजेड पिवळा, आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० किंवा वर लिहिलाय का बघ, थोडा महाग पडतो. बाकी सोप्यात, माजघरात ३००० चा पिवळसर. काचेच्या कौलांनंतर माजघरात कापड बेतायला एक घडीचं टेबल भिंतीला लाव, काम झालं की खाली पाडायचं. पुढंमागं सगळं शिवणकाम माजघरात नेलंस तरी चालेल, वरचा उजेड शिवायला फार चांगला, सावलीच पडत नाही. बाकी खोलीत तुम्हा दोघांची आणि धाकटीची झोपायची सोय, पाच बाय साडेसहाचा पलंग नको, खाली सरकणारा दुसरा असलेला तीन फुटी घे. मध्ये चालायला अडीच-तीन फूट मोकळे ठेवलेस की घर मोठं वाटतं, कुठल्या आरशाबिरशाची गरज नाही.

स्वयंपाकघराचं मॉड्युलर. कट्ट्याखाली सगळीकडं ड्रॉवर काढलेत त्यानं, काचेच्या बरणीला एक, चमच्याला एक, बाटल्यांना उभा एक. पाणी कुठं साठवायचं? राकसकोपचा तलाव भरला तरी आपल्या नळाला रोज पाणी येतंच असं नाही, हंडे-घागरी-ड्रम कुठल्या ड्रॉवरमध्ये घालणार? ज्वारीचा डबा, घरघंटी? सिंकच्या बाजूची चार फूट कट्ट्याखालची जागा पूर्ण मोकळी ठेव, नुसती कडप्प्याची एक फळी, ड्रम सरकवता आला पाहिजे, पाणी सांडलं तर पुसता आलं पाहिजे. ड्रॉवर दोन पुरे, टेलिस्कोपिक चॅनेलचे, बाकीच्या उघड्या फळ्या. सिलिंडर ज्या कप्प्यात ठेवशील त्याच्या दाराला खाली जाळी पाहिजेच पाहिजे, गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, वर भोक ठेवून उपयोग नाही.

कट्ट्याची उंची विचारल्याशिवाय मेस्त्री ३४ इंच करून टाकतो. तू उभी राहा, कोपर वाकव, कोपरापासून जमिनीपर्यंत मोज आणि चार-पाच इंच वजा कर, ती तुझी उंची. पण भाकरी बडवायला ती पण जास्त होते, खांदे वर येतात, म्हणून शेवटचा अडीच फुटाचा तुकडा ३० इंचावर कर, काटवट बसेल एवढा. हे कुठल्याच मॉड्युलरवाल्याच्या पुस्तकात नसतं, त्यांना पाव-सँडविच करणारी बाई दिसते डोळ्यापुढं. सासूबाई विळीवर खाली बसून भाजी चिरतात का? मग तेवढी जमीन मोकळी. शहाबादी फरशी काढू नको, त्यावर टाईल्स पण चढवू नको, उंबरा बुडतो आणि दार घासतं. मशीननं पॉलिश करून घे.

पैशाचं असं धर. ४ लाखांतले पहिले दीड लाख बाजूला, शाकारणी म्हणजे कौलं उतरवून परत बसवणं, वासे, माळा, काचेची कौलं, ओल आणि वायरिंग, ह्यात कपात नाही, जुनी वायर असली तर आधी तीच. मग लाखभर स्वयंपाकघर. मग दिवाण, पलंग, कपाटांचं कोटिंग, जिना. जे उरेल ते वर्षभर हातात ठेव, एक पावसाळा काढ आणि मग टीव्ही पॅनेल पाहिजे वाटलं तर बघू. कर्ज नको काढू ह्याला, तुझ्या ह्यांना मी सांगितलं म्हणून सांग. इंटेरिअरवाल्याला सोडून दे असं पण नाही, त्याला म्हण आम्हाला फक्त मापं घेतलेला नकाशा पाहिजे, त्याची फी सांग, ती दे. चांगला नकाशा हातात असला की सुतार, गवंडी, वायरमन तिघं एकच बोलतात.

आत्ता काही सुरू करू नको. पाऊस थांबूंदे, आता फक्त दोन कामं, पाऊस पडताना टॉर्च घेऊन माळ्यावर जा आणि कुठं गळतंय तिथं खडूनं खूण कर, आणि ओलीच्या भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिही, महिन्यानं रेघ वर गेली का खाली ते बघ. शाकारणीवाला आत्ताच सांगून ठेव, खानापूरकडची माणसं करतात बरीच, दिवाळीनंतर त्यांना वेळ नसतो. आणि काचेची कौलं आठ लागली तरी अकरा आण, मापाला तुमच्या जुन्या कौलाचा एक नमुना बरोबर ने, कारण कंपनीप्रमाणे खाच बदलते आणि नंतर तसली मिळत नाहीत. तीन माळ्यावर ठेवून दे. वडगावात माकडं येतात.